पस्तीस हे उत्तर कुठून येतं?

चौथीच्या वर्गात फळ्यावर ४२ − १७ मांडलं की काही वह्यांत उत्तर ३५ येणार, हे ठरलेलं. २५ नाही, ३५. हे उत्तर अंदाजपंचे आलेलं नसतं. दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन काढले, उरले पाच. चारातून एक गेला, उरले तीन. मोठ्या आकड्यातून लहान काढायचा, हा नियम त्या मुलाने दुसरीत कधीतरी मनाशी पक्का केला आणि आजही तो इमानेइतबारे पाळतो आहे. आपण लाल पेनाने फुली मारतो, शेजारी २५ लिहितो आणि पुढची वही ओढतो. चुकलं एवढंच त्याला कळतं. कुठे चुकलं, ते कळत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. द्विशिक्षकी शाळा आहे. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. दोन इयत्ता एका खोलीत म्हटलं की लोक हळहळतात, पण खरी अडचण इयत्तांची नसतेच. त्या एका खोलीत कुणी धडा वाचून स्वतःच्या शब्दांत सांगतो, कुणी शब्दापर्यंत पोहोचून थांबतो, कुणाला काना-मात्रा आल्या की घाम फुटतो, आणि एखाद्याला ‘भ’ आणि ‘म’ अजून एकच वाटतात. पाठ्यपुस्तक मात्र सगळ्यांच्या दप्तरात एकच.

शिक्षणावरचं संशोधन हाताला लागेल तसं मी वाचते. बरंचसं आपल्या वर्गापासून कोसभर लांब असतं. पण एक धागा आहे, मुलाला इयत्तेऐवजी त्याच्या पातळीनुसार शिकवण्याचा, जो मुंबईच्या महापालिका शाळांमधून निघाला आणि ज्याने माझ्या रोजच्या कामाकडे पाहण्याची नजर बदलली. त्याबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

मुंबईत १९९०च्या दशकात माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांनी ‘प्रथम’ ही संस्था सुरू केली. तिच्या कामातलं एक काम म्हणजे बालसखी. वस्तीतलीच, शाळा पूर्ण केलेली एखादी तरुण मुलगी. थोडं प्रशिक्षण, महिन्याला पाचशे-साडेसातशे रुपये मानधन. तिसरी-चौथीच्या वर्गात जी मुलं मागे राहिली असतील त्यांतली साधारण वीस मुलं ती रोज दोन तास वर्गाबाहेर घेऊन बसायची. जागा मिळेल तिथे: व्हरांड्यात, जिन्याखाली, रिकाम्या खोलीत. शिकवायची काय, तर पहिली-दुसरीत यायला हवं होतं ते. अक्षरं, शब्द, अंकओळख, बेरीज-वजाबाकी.

अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो या अर्थतज्ज्ञांनी शॉन कोल आणि ली लिंडेन यांच्यासोबत २००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यात या कामाची काटेकोर परीक्षा घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा शाळा वाटल्या. काही शाळांना तिसरीसाठी बालसखी मिळाली, काहींना चौथीसाठी; दुसऱ्या वर्षी अदलाबदल. एका शाळेची तिसरी दुसऱ्या शाळेच्या तिसरीशी ताडून पाहता आली आणि कुठलीच शाळा रिकाम्या हाताने परत गेली नाही. ही मांडणी मला फार आवडते. मुलांवर प्रयोग करताना एवढी सभ्यता असायलाच हवी.

निकाल चांगला आला. पहिल्या वर्षी चाचणीतले गुण ०.१४ प्रमाण विचलनाने (गुण सरासरीभोवती किती विखुरले आहेत त्याचं माप) वाढले, दुसऱ्या वर्षी ०.२८ ने. शिक्षणातल्या प्रयोगांत अशी वाढ सहजासहजी दिसत नाही, आणि तीही इतक्या कमी पैशांत. पण मला खिळवून ठेवलं ते दुसऱ्याच एका निष्कर्षाने. वीस मुलं बाहेर गेल्यावर वर्गात मागे उरलेल्या मुलांचं काय झालं? त्यांच्या वर्गाचा पट दोन तासांसाठी चांगला वीसने कमी झाला होता. पदवी-पदविका असलेले, कायम नेमणुकीचे, बालसखीच्या कितीतरी पट पगार घेणारे शिक्षक त्यांच्यासमोर होते. आम्ही शिक्षक आमच्या बैठकीत, म्हणजे शिक्षण परिषदेत, हेच तर मागत असतो की पट कमी करा, मग बघा. त्या मुलांच्या गुणांत मोजता येईल असा फरक पडला नाही. जी वाढ झाली ती बालसखीकडे गेलेल्या मुलांची.

हे वाचल्यावर काही सहकारी चिडतात. बारावी झालेली पोरगी आमच्यापेक्षा चांगली शिकवते असं म्हणायचंय का, असा त्यांचा सवाल असतो. त्यांचा राग मला समजतो, पण संशोधनाचं म्हणणं ते नाही. बालसखीच्या डोक्यावर अभ्यासक्रम नव्हता. घटक नियोजन नव्हतं, ‘जानेवारीअखेर किती धडे झाले’ हे विचारणारं कुणी नव्हतं. तिला एकच काम दिलं होतं: हे मूल आज जिथे अडलं आहे, तिथून त्याला पुढे सरकव. आणि वर्गातल्या शिक्षकापुढे मुलं कमी झाली तरी पुस्तक तेच राहिलं, धड्यांचा वेग तोच राहिला. तीस मुलांना न कळणारा धडा दहा मुलांपुढे वाचला म्हणून तो त्यांना कळू लागत नाही.

माझ्या समजुतीला खरा पुरावा बिहारने दिला. २००८च्या उन्हाळ्यात तिथे ‘प्रथम’च्या कार्यक्रमात सरकारी शिक्षकांनी महिनाभराची शिबिरं घेतली. तेच शिक्षक, तीच गावं. फक्त इयत्तेचं पुस्तक बाजूला ठेवलं, मुलांना वाचनाच्या पातळीनुसार बसवलं आणि गावातले स्वयंसेवक मदतीला घेतले. एका महिन्यात मुलं पुढे गेली. मग शाळा सुरू झाल्या. त्याच पद्धतीचं साहित्य दिलं, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं आणि वर्षभराने मोजलं तर हाताला काही लागलं नाही. जिथे गावातल्या स्वयंसेवकांनी शाळेच्या वेळेबाहेर वर्ग घेतले, तिथेच फरक दिसला. उत्तराखंडात तर स्वयंसेवक शाळेत पाठवले, आणि शिक्षक कमी असल्याने शाळांनी त्यांना नेहमीच्या वर्गावर उभं करून टाकलं. परिणाम शून्य. हे कुणीही मुख्याध्यापक सांगू शकला असता! शाळेत एक जास्तीचं माणूस आलं की त्याला कुठल्या कामाला लावलं जाईल, हे आपल्याला न सांगता माहीत असतं.

म्हणजे उन्हाळ्यात ज्यांना जमलं, त्यांनाच जुलैत जमलं नाही. त्यांचं ज्ञान दोन महिन्यांत आटलं नव्हतं, माया आटली नव्हती. जुलैत त्यांच्या टेबलावर पुन्हा इयत्तेचं पुस्तक आलं, एवढंच. शिक्षकाला प्रशिक्षण द्या, साहित्य द्या, आणि मग त्याला पुन्हा त्याच वेळापत्रकात नेऊन बसवा, तर वेळापत्रक जिंकतं. दरवर्षी पेट्यांमधून शाळेत येणारं साहित्य कपाटात का राहतं, याचा दोष नेहमी आमच्या आळसाकडे जातो. मला तो आरोप मान्य नाही. साहित्य वापरायला दिवसातला कोणता तास, हे कुणी लिहून दिलेलंच नसतं.

हरियाणात २०१२-१३ मध्ये हा तास लिहून दिला. शाळेच्या दिवसातला एक तास वेगळा काढला. त्या तासाला इयत्ता नाही. तिसरी ते पाचवीची मुलं वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करून बसणार. अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले दुसरीकडे, परिच्छेद वाचणारे तिसरीकडे. दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. शाळांवर देखरेख करणारे जे अधिकारी होते, आपल्याकडच्या केंद्रप्रमुखांसारखे, त्यांनी आधी पंधरा-वीस दिवस स्वतः मुलांपुढे उभं राहून असे वर्ग घेतले. मग ते शिक्षकांना मार्गदर्शन करायला गेले. हिंदी वाचनात मुलं पुढे सरकली, ती सरकारी शाळेत आणि सरकारी शिक्षकांकडूनच. याच अभ्यासात शेजारी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनही तपासलं होतं. त्याने मुलांच्या शिकण्यात काही फरक पडलेला दिसला नाही.

ही ओळ वाचून मी पुस्तक मिटून बसले होते. महाराष्ट्रात हे मूल्यमापन २० ऑगस्ट २०१०च्या शासन निर्णयाने आलं. त्यामागचा विचार चांगलाच आहे: वर्षअखेरीच्या एका परीक्षेवर मूल तोलू नये. पण प्रत्यक्षात प्रत्येक मुलाच्या प्रत्येक विषयाच्या वर्णनात्मक नोंदी लिहायच्या झाल्या, आणि बाजारात त्या नोंदींची तयार पुस्तकं आली. ‘आवडीने वाचन करतो.’ ‘संख्यांवरील क्रिया समजून घेतो.’ ज्याच्या वहीत ३५ आहे त्याच्याही नोंदवहीत हेच वाक्य. त्या वाक्याने कुणाला कळणार की उद्या सकाळी या मुलापुढे काय ठेवायचं?

काय ठेवायचं, ते सांगते. माझ्याकडे झाडूच्या हिरांच्या काड्या आहेत, दहा-दहाच्या रबर लावलेल्या जुड्या आणि काही सुट्या. पस्तीस लिहिणाऱ्या मुलीला मी पाटी बाजूला ठेवायला सांगते आणि म्हणते, बेचाळीस काड्या मांड. ती चार जुड्या ठेवते, दोन सुट्या ठेवते. आता यातल्या सतरा मला दे. ती एक जुडी उचलून देते. राहिल्या सात. ती सुट्या दोन देते, थांबते, माझ्याकडे बघते. मी काही बोलत नाही. हे न बोलणं सगळ्यात अवघड असतं, कारण मागे तिसरीची मुलं ‘बाई, झालं’ म्हणून ओरडत असतात. मग तिचा हात जुडीकडे जातो, परत येतो. ‘बाई, सोडू का?’ सोड. रबर निघतं, दहा काड्या जमिनीवर पसरतात, ती त्यांतल्या पाच मोजून देते. उरलेल्या बघते. दोन जुड्या, पाच काड्या. मग पाटी घेते आणि आधीच्या पस्तिसाकडे जरा वेळ बघत राहते. तिथे मी ‘हातचा’ म्हणून जे फळ्यावर शंभरदा लिहिलेलं असतं, ते तिने आत्ता स्वतःच्या हाताने सोडवलेलं असतं.

याला वेळ किती लागतो? एका मुलीला पंधरा-वीस मिनिटं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, कारण एकदा रबर सोडल्याने पस्तीस पुसला जात नाही. आणि वेळापत्रकात त्या दिवशी गणिताचा तास चाळीस मिनिटांचा, चालू घटक अपूर्णांक. ज्या मुलीची जुडी अजून सुटलेली नाही, तिच्यापुढे मी तीन चतुर्थांश मांडायचं. हा पेच चांगलं-वाईट शिकवण्याचा नाही. तो तास कुणासाठी आहे, एवढाच प्रश्न आहे.

गट करण्याला एक जुना आणि रास्त आक्षेप आहे. पातळीनुसार बसवलं की मुलं लगेच ओळखतात, ‘ढ’चा गट कुठला. आपल्या पिढीतल्या कितीतरी जणांनी शेवटच्या बाकावर बसून आख्खी शाळा काढली आणि तो बाक आयुष्यभर सोबत वागवला. त्यामुळे या आक्षेपाला मी उडवून लावत नाही. पण इतक्या वर्षांत जे पाहिलं त्यावरून सांगते, मूल अपमानित होतं ते न येणाऱ्या धड्यापुढे रोज पाच तास बसवल्याने. शब्दांच्या गटात बसून जो दोन आठवड्यांत वाक्यं वाचू लागतो, त्याला त्या गटाची लाज वाटत नाही. पुढच्या गटात कधी जाणार, हे तोच विचारतो. अट इतकीच की गट तासापुरता हवा, त्यात दुसरी-तिसरी-चौथी मिसळलेली हवी, आणि दर पंधरवड्याला मुलं हलली पाहिजेत. वर्षभर तीच मुलं त्याच कोपऱ्यात दिसली तर तो गट मोडून टाकावा.

दुसरा आक्षेप माझा स्वतःचा, आणि तो या संशोधनावरच आहे. पातळी मोजायला यात बहुधा ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या सर्वेक्षणाचं साधन वापरतात, ते कुणाला माहीत नसेल! एक कागद: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. २००५ पासून गावोगाव घरी जाऊन मुलांना तो वाचायला देतात. त्या कागदाने देशाला मोठं सत्य दाखवलं. ग्रामीण भारतात तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीची गोष्ट वाचू शकणारी २०१८ मध्ये सुमारे २७ टक्के होती, शाळा बंद राहिल्यानंतर २०२२ मध्ये ती २० टक्क्यांच्या आसपास आली आणि २०२४ मध्ये पुन्हा २७च्या जवळ पोहोचली. हातच्याची वजाबाकी तर २०२४ मध्येही तिसरीतल्या साधारण एक तृतीयांश मुलांनाच आली. एका पानाच्या चाचणीने हे कळतं, ही छोटी गोष्ट नाही. पण पानभर वाचता आलं म्हणजे वाचन आलं, असं एकदा धरून बसलं की शाळा त्या पानाचीच तयारी करून घेऊ लागते. अधिकारी येणार म्हटल्यावर गोष्ट पाठ असलेली मुलं मी पाहिली आहेत.

या बाबतीत मला पालघर जिल्ह्यातल्या वाड्याचा अभ्यास महत्त्वाचा वाटतो. वाचन-लेखनाच्या अभ्यासक शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाडा तालुक्यातली मराठी शिकणारी आणि कर्नाटकातल्या यादगीरची कन्नड शिकणारी मुलं पहिलीपासून तिसरीपर्यंत, सलग तीन वर्षं, जवळून पाहिली. अहवाल २०१७ मध्ये आला. वर्गात बहुतेक वेळ लिपी शिकवण्यात जातो, लिहिणं म्हणजे फळ्यावरचं उतरवून घेणं, आणि मुलाच्या स्वतःच्या बोलण्याला, अनुभवाला जागा फार थोडी, असं चित्र त्यात निघालं. एवढं करूनही तिसरीअखेर अनेक मुलांना लिपी येत नव्हती. वाड्यातल्या अनेक मुलांची घरची बोली पुस्तकातल्या मराठीपासून दूर असते. त्या मुलाला ‘शब्द’ पातळीवर आणून सोडणं म्हणजे अर्ध्या रस्त्यात सोडणं. त्याने काल नदीवर खेकडे कसे धरले हे त्याने सांगावं, बाईंनी ते त्याच्याच शब्दांत फळ्यावर लिहावं आणि त्याने ते वाचावं. मी हे करते, कारण ‘खेकडा’ हा शब्द ज्याने खेकडा धरला आहे तो मुलगा ‘कमळ’ आणि ‘बदक’ यांच्या कितीतरी आधी वाचतो. पातळीनुसार गटांच्या तासात हे बसवता येतं, आणि बसवलंच पाहिजे. नाहीतर तोही तास घोकंपट्टीचाच होतो.

उत्तर प्रदेशात २०१३-१४ मध्ये ‘प्रथम’च्या माणसांनी स्वयंसेवकांसह शाळेतच दहा-वीस दिवसांच्या छावण्या घेतल्या, वर्षभरात मिळून पन्नासेक दिवस. छावणी झालेल्या शाळांत वर्षअखेर साधारण निम्मी मुलं परिच्छेद किंवा गोष्ट वाचत होती. न झालेल्या शाळांत हे प्रमाण पावाच्या आसपास होतं. पन्नास दिवस! हा आकडा माझ्या डोक्यातून जात नाही. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती, प्रशिक्षणं यांत आमचे किती दिवस जातात ते प्रत्येक शिक्षकाने वर्षअखेर मोजून पाहावं.

बालसखीच्या अभ्यासातला आणखी एक निष्कर्ष लोक सांगत नाहीत, कारण तो उत्साहावर पाणी टाकतो. मदत बंद झाल्यावर वर्षभराने मुलांची आघाडी बरीच ओसरली होती, ०.१०च्या आसपास उरली. काहीजण यावरून म्हणतात, मग उपयोग काय? मला यात नवल वाटत नाही. वाचू लागलेलं मूल पुन्हा त्याच वर्गात गेलं, जिथे पुस्तक त्याच्या पुढे धावतंय. आधार हा वर्षभराचा उपक्रम म्हणून देऊन भागत नाही. सरकारने जुलै २०२१ मध्ये निपुण भारत अभियान सुरू केलं, तिसरीअखेर प्रत्येक मूल वाचू-लिहू-मोजू लागावं हे ध्येय ठेवलं, याचा मला मनापासून आनंद आहे. पण माझ्या खोलीतल्या चौथीच्या मुलीची तिसरी होऊन गेली आहे. तिचं नाव आता कुठल्या उद्दिष्टात येतं?

आणि मग जी मुलं त्या तासाला हजरच नसतात, त्यांचं काय, हा प्रश्न उरतो. आमच्याकडून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला टोळ्या निघतात. मुकादमाचा ट्रॅक्टर आला की भांडीकुंडी, शेळी आणि पोरं एकत्र जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. काही मुलं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात, सगळी राहत नाहीत. जाणाऱ्या मुलाला आम्ही शिक्षण हमी पत्रक देतो, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत त्याला बसता येतं. बरीच बसतातही. पण तिथल्या शिक्षकाला पत्रकातून कळतं ते नाव आणि इयत्ता. मूल कुठे अडलं आहे हे शोधण्यात तिथे आठ-पंधरा दिवस जातात, तोवर टोळी दुसऱ्या फडावर गेलेली असते.

म्हणून मी आता पत्रकाच्या मागे पेनाने चार ओळी लिहून देते. वाचन: शब्द येतात, जोडाक्षरं नाहीत. वजाबाकी: बिनहातच्याची येते, हातच्याची काड्यांवर येते, पाटीवर नाही. काय आवडतं: चित्रं काढणं, खेकड्यांच्या गोष्टी. खाली माझा फोन नंबर. केंद्रप्रमुखांना मी विचारलं आहे की ही जागा पत्रकातच छापून देता येईल का. पुढच्या शिक्षण परिषदेत विषय मांडू, असं ते म्हणाले आहेत. टोळ्या निघायच्या आधी ती परिषद व्हावी, यासाठी मी त्यांच्या मागे लागले आहे.